पाय!

गावाकडे घर असलेल्या प्रत्येकाला अण्णा ठाऊक असतात. कुठे ते मास्तर असतात, कुठे बँकेतून निवृत्त झालेले. आमचे पोस्टमास्तर होते. जन्मभर बदल्या भोगल्या, निवृत्तीनंतर राजापूर तालुक्यातल्या घरी आले, आणि न्हाणीमागचं गवत काढायला म्हणून जे खाली वाकले ते पुन्हा सरळ झालेच नाहीत. कंबर धरली असं कुणाला वाटेल. तसं नव्हे, खाली फूल दिसलं. मग मुलाने कॅमेरा पाठवला, त्याच्यापाठोपाठ मॅक्रो लेन्स आली, आणि तेव्हापासून आमच्या वाडीत कुणाला निर्धास्तपणे पाऊल टाकता आलेलं नाही.

"पाय!"

अण्णा एवढंच ओरडतात. "जरा बघून हां", "सांभाळून" असली प्रस्तावना नाही. ऐकणाऱ्याला वाटतं विंचू, नाहीतर फुरसं. तो जागीच गोठतो, एक पाय हवेत आणि एक शेणात. अण्णा धावत येतात, त्याच्या हवेतल्या पायाखाली पालथे पडतात आणि म्हणतात, "हलू नका, तुमच्या सावलीत उजेड छान मऊ मिळालाय." पाच मिनिटांनी त्या माणसाला कळतं की आपला जीव धोक्यात नव्हता. धोक्यात होती ती कुठलीशी मोहरीएवढी कळी, आणि तिला धोका त्याचाच होता.

गणपतीसुद्धा यातून सुटलेला नाही. गेल्या साली डोक्यावर मूर्ती घेऊन पोरं सड्यावरून येत होती. वर पाऊस, खाली शेवाळलेला कातळ, तोंडात मोरया. इतक्यात "पाय!" अख्खी मिरवणूक बाप्पासकट थबकली. कातळावरच्या ओलीत सीतेची आसवं फुलली होती. ही निळीजांभळी फुलं दिसायला फार सोवळी, पण झाड मांसाहारी. मातीखाली इवलेसे फुगे असतात, त्यांत ते बारीक पाणकिडे ओढून घेतं आणि पचवतं. ही माहिती अण्णांनी तिथेच, भर पावसात, मूर्ती डोक्यावर असलेल्या माणसाला दिली. तो म्हणाला, "अण्णानूं, चतुर्थीच्या दिवशी नको ओ मटणाच्या गोष्टी."

वायरमनचा किस्सा तर तालुकाभर झाला. दोन रात्री वीज नव्हती. तिसऱ्या दिवशी वायरमन एकदाचा उगवला, सड्यावरच्या खांबाला शिडी लावणार तोच "पाय!" तो आधीच वैतागलेला. शिडी खांद्यावर टाकून तो जो गेला तो दुसऱ्या दिवशी दुपारी परतला. खांबाच्या बुडाशी होतं कंदीलपुष्प. म्हणजे एका कंदिलापायी वाडीने तिसरी रात्र कंदिलात काढली.

या कंदीलपुष्पाची करामत मात्र ऐकण्याजोगी आहे. त्याच्या नळीत खाली वळलेले केस असतात. माशी वासाला भुलून आत उतरते आणि मग तिला वर येता येत नाही. आत धडपडताना तिच्या अंगाला पराग लागतात. पुढे केस कोमेजतात आणि तिची सुटका होते. अण्णांच्या ओटीवर चहाला जाणाऱ्याचं नेमकं हेच होतं. आत शिरणं सोपं. एकदा लॅपटॉप उघडला की आघाड्याची कणसं डावीकडून, उजवीकडून, दवासह, दवाविना. बॅटरी कोमेजेल तेव्हा पाहुणा सुटणार, आणि अंगाला चारदोन लॅटिन नावं चिकटवून घरी जाणार.

पण मला सगळ्यात आवडते ती मोजणीची हकीकत. आमच्याकडल्या एका घरात तिघा भावांत बांधावरून वाद. मोजणीदार आले, पंच आले, मुंबईहून धाकटा रजा काढून आला. हद्दीचा दगड कुठे बसवायचा यावर आवाज चढलेले. मोजणीदारांनी पाऊल पुढे टाकलं आणि पाणंदीतून आरोळी आली. पाऊल मागे, टेप हातातून सुटली, पुन्हा पहिल्यापासून मोजणं आलं. बांधावर केना फुलला होता, तुम्हीआम्ही उपटून फेकतो तो. अण्णांनी खताची गोण अंथरली आणि पालथे झाले. थोरल्या भावाच्या हातात छत्री दिली, वारा अडवायला. मधल्याच्या हातात दुधाची धुतलेली पिशवी दिली, ऊन गाळायला. धाकट्याला काहीच काम उरलं नाही.

फुलावरून पाणी झटकायचं नाही, फुंकर मारायची नाही. केना दुपारपर्यंत मिटतो, त्यामुळे घाई. आणि वारा थांबत नाही, त्यामुळे घाई करता येत नाही. थेंब पाकळीच्या टोकाशी आला, अण्णांनी श्वास धरला, पंचांनीही धरला. खट्. मग पडल्यापडल्याच सांगायला लागले, "हे बघा, वरच्या दोन निळ्या पाकळ्या केवढ्या, आणि ही तिसरी नावाला. लिनियसने याला कॉमेलिना नाव दिलं ते कॉमेलिन घराण्यावरून. त्या घरातले काका-पुतणे मोठे वनस्पतिशास्त्रज्ञ, त्यांच्या या दोन मोठ्या पाकळ्या. तिसरा बिचारा काही करून दाखवायच्या आधीच गेला, त्याची ही एवढीशी."

काका-पुतणे एका फुलात गुण्यागोविंदाने नांदतात हे ऐकून महाराष्ट्रातल्या माणसाने खरं तर गहिवरायला हवं. पण धाकट्याने ते स्वतःवर घेतलं. "म्हणजे मी नावापुरता काय?" मोजणी मोडली. बांध अजून तिथेच आहे, आणि केनाही. तो वर फुलतोच, शिवाय जमिनीखालीसुद्धा मिटलेली फुलं धरून बी करतो. त्याला कोर्टाचा निकाल कुठलाही चालेल.

"तुम्ही पोस्टातले, तुम्हाला हे कशाला?" असं कुणी म्हटलं की अण्णा कुकला पुढे करतात. मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा मोठा ग्रंथ 1901 ते 1908 या काळात लिहिणारा थिओडोर कुक हा पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजचा प्राचार्य, पेशाने इंजिनिअर. "तो पूल सोडून पानं मोजतो, मग मी पत्रं सोडून मोजली तर?" पत्रं त्यांनी सोडलेली नाहीतच म्हणा. वहीत प्रत्येक रोपाचा पत्ता असतो: 'भारंगी, गडग्याची पूर्व बाजू, फणसाखाली.' 'कुर्डू, मुक्काम पोस्ट शेणकी.' शेवटचा रकाना 'हिचं मत' असा आहे. हिचं म्हणजे वहिनींचं. त्यात बहुतेक ठिकाणी 'भाजी चांगली होते' एवढंच असतं, क्वचित 'गुरं खात नाहीत.' मोबाइलमधलं ॲप पानाचा फोटो बघून तीन नावं सुचवतं; वहिनी चुरगळून हुंगतात आणि एकच सांगतात. अण्णांचं मॉडेल सकाळी टाकळा म्हणून कॅमेऱ्यासमोर असतं आणि दुपारी लसणीच्या फोडणीत. वहिनींना "पाय!" म्हणायची त्यांची अजून छाती झालेली नाही.

रोज सकाळी एक फोटो अमेरिकेतल्या मुलाला जातो. तिकडून अंगठा येतो. एकदा मी अण्णांना म्हटलं, अंगणात गावठी किती आणि बाहेरची किती? त्यांनी बोट फिरवलं. एकदांडी, लाजाळू, कुंपणावरची टणटणी, सगळी मूळची अमेरिका खंडातली. "पोरगा तिकडे रुजला, ही इकडे," म्हणाले. "फिटंफाट." आणि लेन्स पुसायला लागले. लेन्स स्वच्छच होती.

त्या वहीतलं एक पान मी चोरून वाचलं आहे. 'दिपकाडी, सडा, खांबापासून उत्तरेला, जून.' कोकणातल्या कातळसड्यांवर पहिल्या पावसात उगवणारी पांढरी फुलं, जगात इतरत्र न सापडणारी. सातबाऱ्यावर त्या जागेला पोटखराबा म्हणतात, म्हणजे जिथे काही पिकत नाही ती जमीन. यंदा तिथे चिरेखाण सुरू झाली. जमीन ज्याची, त्याने रीतसर दिली. मुलीचं लग्न होतं, त्याला तरी काय बोलणार? अण्णा लग्नाला गेले, जेवले, आहेर केला. वहीत त्या पत्त्यावर लाल पेन्सिलीने आडवी रेघ आहे आणि शेजारी पोस्टमन परतीच्या पाकिटावर लिहितात तसं 'लेफ्ट.' 'हिचं मत' या रकान्यात त्या ओळीपुरतं काहीच नाही.

माणूस तापदायक आहे याबद्दल माझं दुमत नाही. त्यांच्यामुळे माझी एक एसटी चुकली आहे, आणि एका पाहुण्याने आमच्याकडे येणंच सोडलं आहे. तरी परवा आमच्या कंपाउंडात ग्रासकटरवाला आला, तेव्हा विहिरीमागचा पट्टा राहू दे म्हणून मी त्याला सांगून बसलो. तिथे तेरडा आहे, आणि काहीतरी बारीक जांभळं, ज्याचं नाव मला माहीत नाही आणि मी विचारणारही नाही. त्याने मशीन बंद करून विचारलं, "का ओ? तिथेच तर रान माजलंय."

फुलांसाठी, असं सांगायची लाज वाटली. म्हटलं, "जनावर आहे तिथे. मोठं."

त्याने पट्टा सोडला. वाडीत बातमी पसरली, आता तिकडे कुणी फिरकत नाही. फक्त हे अण्णांना कुणी सांगू नका, नाहीतर ते जनावराचा फोटो काढायला येतील.