तेल कोणतं दिलं?

लोणखेड्यात वादाला विषय कमी पडत नाही. उसाचा भाव, पपईचा भाव, शहाद्याची एसटी वेळेवर सुटली की नाही, काहीही पुरतं. पण हे वाद मिटतात. भाव संध्याकाळपर्यंत कळतो आणि एसटी केव्हातरी येतेच. देवाधर्माच्या इतिहासावरचा वाद तेवढा मिटत नाही, कारण त्याचा साक्षीदार हयात नसतो. आमच्या भागात तर अडचण आणखी मोठी आहे. इथे साक्षीदार हयात आहे अशीच लोकांची खात्री आहे.

हा साक्षीदार म्हणजे अश्वत्थामा. कपाळावरचा मणी गेला, जखम भरेना, म्हणून तो सातपुड्यात तेल मागत फिरतो, हे आमच्याकडे पोराटोरांनाही माहीत असतं. धडगावच्या डोंगरांत अस्तंबा नावाचं शिखर आहे, सुमारे १,३२५ मीटर उंच. धनत्रयोदशीच्या सुमारास तिथे यात्रा भरते आणि तळोद्याकडून तरुणांचे जथेच्या जथे रात्री डोंगर चढतात. रानात कोणी चुकला तर अस्तंबा ऋषी येऊन वाट दाखवतो, अशी श्रद्धा. तिकडे बऱ्हाणपूरजवळच्या असीरगडावर हाच अश्वत्थामा रोज पहाटे महादेवाला फूल वाहून जातो म्हणे. नर्मदेची परिक्रमा करणाऱ्यांना तो शूलपाणीच्या झाडीत भेटतो. चिरंजीव माणसाला फिरती फार, एवढाच याचा अर्थ मी घेतो.

आमच्या शेजारच्या आप्पांना हे हसणं पटत नाही. त्यांच्या ओळखीत एकाने अश्वत्थाम्याला तेल दिलेलं आहे. मी इतकी वर्षं चौकशी करतो आहे. तेल देणारा स्वतः कधी सापडत नाही. तो कोणाच्या तरी मामाचा साडू असतो, नाहीतर ट्रकवरच्या ड्रायव्हरचा थोरला भाऊ. पूर्वी मी इथेच चिमटा घ्यायचो आणि पुढचा तासभर आप्पा, मी आणि चहा तिघेही तापायचो. हल्ली मी विचारतो, "आप्पा, तेल कोणतं दिलं? शेंगदाण्याचं की करडईचं?"

आप्पा क्षणभर थांबले. मग म्हणाले, "तिळाचंच असणार. त्या काळचा माणूस, त्याला शेंगदाणा कुठून माहीत?"

मला हे उत्तर फार आवडलं. भुईमूग आपल्याकडे दक्षिण अमेरिकेतून आला, गेल्या चार-पाचशे वर्षांतला. आप्पांनी हे कुठे वाचलेलं नाही, पण काळाचं भान मात्र बरोबर ठेवलं. इतिहासाचा अभ्यास याहून वेगळा काय असतो? "झालंच नाही" असं मी म्हटलं असतं तर हे तिळाचं तेल कधी बाहेर आलं नसतं.

अर्थात आप्पाही सोपे नाहीत. आमच्याकडची गोमाई जिथे तापीला मिळते ते प्रकाशा. लोक त्याला दक्षिण काशी म्हणतात आणि काशी केली तरी प्रकाशा केल्यावाचून यात्रा पुरी होत नाही असं सांगतात. तिथल्या टेकाडावर १९५५ साली भारतीय पुरातत्त्व खात्याच्या बी. के. थापर यांनी उत्खनन केलं. सर्वांत खालच्या थरात ताम्रपाषाण काळातली वस्ती लागली, माळवा आणि जोर्वे पद्धतीची रंगीत खापरं मिळाली. म्हणजे वस्ती साधारण साडेतीन हजार वर्षांची. मी हे मोठ्या उत्साहाने सांगितलं. आप्पांचं महाभारत पाच हजार वर्षांपूर्वी झालेलं आहे, त्यात तडजोड नाही. ते म्हणाले, "मग अजून खाली खणायचं होतं. थापर थांबले म्हणून इतिहास थांबला का?"

यावर काय बोलणार? खालच्या थरानंतर नुसती माती लागते, माणसाची खूण नसते, असं मी म्हणून पाहिलं. "मातीला काय माहीत," आप्पा म्हणाले आणि पान लावायला घेतलं.

लोक म्हणतात, अडाणी माणसाशी वाद घालू नये. मला हे मुळातच खोटं वाटतं, कारण शिकलेल्यांचे वाद मी पाहिलेले आहेत. हनुमंताचा जन्म कुठला, यावर २०२२ च्या मे अखेरीस नाशकात धर्मसभा भरली. नाशिककरांचं म्हणणं अंजनेरी, कर्नाटकातून आलेल्या महंतांचं म्हणणं किष्किंधा. त्याआधी वर्षभर तिरुपती देवस्थानाने आपली अंजनाद्री जाहीर करून टाकली होती, आणि झारखंडात गुमला जिल्ह्यात आंजन नावाचं गाव आपला हक्क सांगून बसलेलंच आहे. सभेत रामायणातले श्लोक निघायचे होते. निघालं भांडण, तेही उंच आसनावर कोणी बसायचं आणि खाली कोणी, यावरून. शेवटी एका महंतांनी वार्ताहराचा माइकच उगारला, पोलीस मधे पडले आणि जन्मस्थानाचा निकाल राहून गेला. त्या मानाने आमची तिळाच्या तेलावरची चर्चा फारच शास्त्रशुद्ध म्हणायची.

त्याच नाशकातली पांडवलेणी घ्या. चोवीस लेणी, सगळी बौद्ध भिक्षूंसाठी कोरलेली, भिंतींवर सातवाहन आणि क्षत्रपांच्या दानाचे लेख. पांडवांचा तिथे संबंध नाही. तरी नाव पांडवलेणी, आणि ते राहणारच. महाराष्ट्रातल्या कोणत्याही गुहेत पांडव एक रात्र राहिले नाहीत असं कधी झालं आहे का? नावाशी भांडून उपयोग नाही. पण तो दानलेख कोणी पुसायला निघालं, किंवा तिथे वंदनेला आलेल्या बौद्ध बांधवाला "ही तुमची जागा नव्हे" म्हणालं, तर मात्र मी आवाज चढवतो. तिथे शेंगदाणा-करडई चालत नाही.

अस्तंब्याचंही तसंच. यात्रेला चढणारे बहुतेक आदिवासी. हा देव मुळात डोंगराचाच असावा आणि अश्वत्थाम्याचं नाव त्याला मागून चिकटलं असावं, असा माझा अंदाज आहे. अंदाजच. पण सपाटीवरच्या आम्हा लोकांना भारी हौस. एक जण त्यांना सांगतो, तुमचा देव म्हणजे खरं तर द्रोणाचार्यांचा मुलगा. दुसरा सांगतो, असा कोणी देवच नाही. दोघांपैकी एकानेही तो डोंगर चढलेला नसतो. चढून आलेल्याला विचारावं तर तो पायाला आलेले फोड दाखवतो, सोबत कोण कोण होतं ते सांगतो, वाटेत पाणी कुठे मिळतं ते सांगतो. महाभारताच्या सालावर भांडायला त्याच्याकडे वेळ नसतो. हट्टी माणसं मला डोंगरावर कमी आणि मोबाईलवर जास्त भेटली आहेत. पहाटे साडेपाचला "हा संदेश दहा जणांना पाठवा" म्हणणाऱ्याशी मी वाद घालत नाही. त्याला मी एकच विचारतो, "हे तुम्हाला कोणी सांगितलं?" बहुतेक वेळा पुढे निरोप येत नाही.

आप्पांना मात्र मी सांगत असतो, की अश्वत्थामा होता की नव्हता हा एक प्रश्न, आणि आपल्या आजीने त्याची गोष्ट कशी सांगितली हा दुसरा. दुसऱ्याचं उत्तर आपल्या हातात आहे आणि ते दर वर्षी थोडं थोडं नाहीसं होत चाललं आहे. तेव्हा वाचकहो, तुमच्या घरात अस्तंब्याची, प्रकाशाची किंवा गावच्या देवाची गोष्ट सांगणारं कोणी म्हातारं माणूस असेल, तर ती लिहून घ्या. भिलोरीत, अहिराणीत, गुजरीत, जशी सांगतील तशी. खाली सांगणाऱ्याचं नाव, गाव आणि साल घाला. दुरुस्त करू नका.