नानांचा पर्याय ‘ग’

सहलीच्या प्रत्येक मराठी गटात एक गृहस्थ असे असतात, की ज्यांची सहल गाडी सुटण्याआधीच पुरी होते. बाकीच्यांची तेव्हा कुठे सुरू होत असते. आमच्या बंगळूरच्या यशवंतपुरात त्यांना नाना म्हणतात. मत्तीकेरेत ते अण्णा असतील, मल्लेश्वरमला तात्या. नाव बदलतं, वही बदलत नाही.

सहलीची खोड असलेल्या माणसानं यशवंतपुरात घर घेऊ नये. नानांनी घेतलं, तेही स्टेशनाच्या भोंग्याच्या टप्प्यात. इथून गाडी दिल्लीला जाते, चंडीगडला जाते, पंढरपूरलाही जाते. कन्नड, हिंदी आणि इंग्रजीत उठता-बसता परगावांची नावं कानांवर पडू लागली, की भल्याभल्यांचं चित्त थाऱ्यावर राहत नाही. नाना तर निवृत्त. जालहळ्ळीच्या कारखान्यात उभी हयात उत्पादन-नियोजनात गेली. आता कारखाना हाताशी नाही, नियोजन मात्र अंगात राहिलं आहे. शर्टाच्या खिशात दोन पेनं : निळं पक्क्या गोष्टींसाठी, लाल हवामानासाठी. वहीत बहुतेक मजकूर लाल आहे.

नानांचा जन्म पुण्याचा, त्यातही शिवाजीनगरचा, शिमला ऑफिसजवळचा. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ साली शिमल्याहून पुण्याला आलं, तेव्हापासून त्या भागाला ते नाव चिकटलं. पुढे १९४४ मध्ये मुख्यालय दिल्लीला गेलं. नानांनी ही बदली अजून मंजूर केलेली नाही. ‘पाऊस कुठे पडणार ते आमच्या घरासमोर ठरायचं,’ असं ते इतक्या सहज सांगतात, की नवख्याला वाटावं, नानांच्या वडिलांना विचारल्याशिवाय ढग खंडाळ्याचा घाट चढत नसत.

संक्रांतीचा तिळगूळ संपत आला, की नानांना वसंताची चाहूल लागते. प्रदेश निवडताना त्यांची कसोटी एकच : तिथली हवा पुरेशी बेभरवशाची हवी. कोणी उटीचं नाव काढलं, तर ते चष्म्यावरून बघतात. ‘उटीला गारच असतं. त्यात आखायचं काय?’ एप्रिलातला राजस्थान? ‘उन्हाळा. विषय संपला.’ केरळ? ‘दमट. पुढे बोला.’ एप्रिलातला हिमाचल मात्र त्यांच्या मनासारखा. कुलूच्या खोऱ्यात सफरचंदाची झाडं पांढऱ्या-गुलाबी फुलांनी भरलेली, सकाळी नुसत्या शर्टावर हिंडावं असं ऊन, दुपारी ढग, चारला गारा. आणि वर ३,९७८ मीटरवरची रोहतांग खिंड सहसा मे उजाडेपर्यंत बर्फाखालीच. गारपिटीच्या धास्तीनं तिथले बागायतदार झाडांवर जाळ्या पसरतात. कोटगढ-ठाणेदारकडे अमेरिकी सफरचंद लावणाऱ्या सॅम्युएल स्टोक्सनाही, १९१६च्या सुमाराला, ही धास्ती होतीच, असं नाना सांगतात. स्टोक्स जणू त्यांच्या कारखान्यात फोरमन होते.

हवेच्या या साऱ्या उचापतींचं मूळ म्हणजे पश्चिमी झंझावात. भूमध्य समुद्राच्या बाजूनं निघायचं, इराण-अफगाणिस्तान ओलांडायचं आणि हिमालयाला येऊन धडकायचं. हिवाळ्यात ते येतातच, पण वसंतातही त्यांचा पाय निघत नाही. नाना त्यांच्यावर जातीनं लक्ष ठेवतात. जिन्यात भेटले, तर ‘कसं काय?’ला उत्तर येतं, ‘एक इराणवर आहे. गुरुवारपर्यंत येईल.’ नव्या भाडेकरूंना वाटलं, नानांचा मुलगा तिकडे नोकरीला आहे.

नानांच्या संसारात मोठी उलथापालथ झाली ती १ नोव्हेंबर २०२४ला. पूर्वी रेल्वेचं तिकीट १२० दिवस आधी काढता यायचं, म्हणजे काळजी करायला चांगले चार महिने मिळायचे. त्या दिवसापासून मुदत साठ दिवसांवर आली. निम्मी सहल गेली! तेव्हापासून साठाव्या दिवशी सकाळी आठच्या ठोक्याला नाना आंघोळ-संध्या उरकून संगणकासमोर बसतात.

तिकीट मिळतं, पण खरा पेच त्यानंतरचा. रेल्वेला प्रवास साठ दिवस आधी कळवावा लागतो, आणि आभाळ आपला बेत भरवशानं कळवतं तो फार तर पाच-सात दिवस आधी. हवामान खातं दर गुरुवारी पुढच्या चार आठवड्यांचा विस्तारित अंदाज देतं; पण तो ‘सरासरीहून जास्त’, ‘सरासरीहून कमी’ अशा भाषेत. मंगळवारी दुपारी तीनला मनालीच्या मॉल रोडवर काकूंना, म्हणजे नानांच्या सौभाग्यवतींना, छत्री लागेल का, याचं उत्तर त्यात नसतं. तिकीट साठाव्या दिवशी, अंदाज सातव्या दिवशी. मधले त्रेपन्न दिवस नाना सहलीला गेलेले असतात.

या काळात तीन पर्याय तयार होतात. ‘क’ म्हणजे निरभ्र आकाश. याला वहीत अर्धं पान. ‘ख’ म्हणजे मधूनमधून सरी. दोन पानं. ‘ग’ म्हणजे रस्ता बंद, वीज गेलेली आणि बरोबरची मंडळी बंडाच्या पवित्र्यात. याला अकरा पानं, शिवाय परिशिष्ट. त्यात मेणबत्त्या आहेत, पत्त्यांचे दोन कॅट आहेत, मेतकूट आहे, आणि कालका-शिमला रेल्वेवर नानांचं व्याख्यान आहे : १९०३ साली सुरू, लांबी ९६ किलोमीटर, बोगदे शंभरावर, २००८पासून जागतिक वारसा. वीज गेल्याखेरीज हे व्याख्यान कोणी ऐकून घेणार नाही, हे नाना जाणून आहेत. त्यांचा ‘ग’वर जीव आहे तो त्यासाठीच.

काकूंचा प्रश्न मात्र साधा असतो.

‘अहो, स्वेटर किती घेऊ ते एकदा सांगा.’

‘ते झंझावातावर आहे.’

‘मग बॅग त्यालाच भरू दे.’

चंडीगडची गाडी नानांना विमानापेक्षा प्रिय, कारण ती नात्यागोत्यातून जाते. बेळगावला साडूंकडून कुंदा यायचा असतो. मिरजेचा मावसभाऊ, गाडी कितीही अपरात्री येवो, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन फलाटावर उभा पाहिजे. पुण्याला बहीण बाकरवडी आणते आणि सोबत एक जादा मफलर. हे सगळं वहीत निळ्या शाईनं असतं. आभाळाचा भरवसा नाही, मावसभावाचा आहे. गाडी दोन तास उशिरा धावली तर दशमी शिळी होणार का, याचाही हिशेब समासात मांडलेला असतो.

मधल्या काळात नाना माहिती गोळा करत हिंडतात. यशवंतपूरच्या मार्केट यार्डात कांदा-बटाट्याच्या लॉऱ्या येतात, त्यांतल्या बऱ्याच महाराष्ट्रातून. कांद्याचा भाव न विचारता नाना ड्रायव्हरला नगर-नाशकाकडच्या आभाळाविषयी विचारतात. २०१४च्या फेब्रुवारी-मार्चमधली महाराष्ट्रातली गारपीट त्यांना तोंडपाठ आहे. उत्तरेत झंझावात जोरात असला, की त्याचा शेव कधी कधी आपल्याही शेतावरून जातो, हे त्यांचं म्हणणं शास्त्राला धरून आहे. ड्रायव्हर बिचारा आधी नम्रपणे उत्तरं देतो. मग हा माणूस कांदे घेणार नाही हे लक्षात आल्यावर गाडीखाली जाऊन काहीतरी दुरुस्त करू लागतो.

अशाच एका एप्रिलातल्या दुपारी नाना यार्डातून बाहेर पडले. मनालीचा आठवडा मोबाइलवर उघडा होता. रिक्षावाल्यानं मीटरकडे न बघता आभाळाकडे बघितलं आणि म्हणाला, ‘मळे बरुत्ते, सार.’ पाऊस येणार. नानांनी त्याला दोन संकेतस्थळं आणि एक उपग्रहचित्र दाखवलं. गोरगुंटेपाळ्याच्या चौकात पोचेतो आभाळ फाटलं. बंगळूरच्या आंबेसरी त्या. आंबा पिकायच्या दिवसांत संध्याकाळी येतात, झाडं पाडतात, चौक तुंबवतात आणि तासाभरात काही घडलंच नाही असं दाखवतात. नाना घरी आले ते निथळत. मनालीसाठी घेतलेला रेनकोट कपाटात, घडी न मोडलेला. ‘तो पर्याय “ग”चा आहे,’ त्यांनी टॉवेलातून सांगितलं.

आणि शेवटी सहल निघते. एखाद्या वर्षी आभाळ नानांचं ऐकतं. शिमल्यात दोन दिवस संततधार, पुढचा रस्ता दरड कोसळून बंद, हॉटेलात अंधार. मंडळी मुकाट बसलेली. नाना मात्र नवरदेवाच्या तोऱ्यात हिंडत असतात. मेणबत्ती कुठे आहे ते त्यांना माहीत, मेतकूट कुठे आहे ते त्यांना माहीत, आणि बोगद्यांचं व्याख्यान निर्वेध पार पडतं. ‘मी म्हटलंच होतं’ हे वाक्य ते उच्चारत नाहीत. चेहऱ्यावर छापलेलं असतं.

खरी कसोटी लागते ती चांगल्या हवेच्या वर्षी. सलग सात दिवस निळं आकाश, सफरचंदाच्या फुलांवर मधमाश्या, अटल बोगद्याचे नऊ किलोमीटर पार करून पलीकडे सिस्सूला लख्ख उन्हात बर्फ. सगळे खूश. नाना एका दगडावर बसलेले, मांडीवर वही, अकरा पानं वापराविना करकरीत. कोणी ‘काय छान हवा मिळाली, नाना!’ म्हटलं, तर ते तुटकपणे म्हणतात, ‘हो, यंदा झंझावातच नाहीत. पाणीटंचाई होणार लोकांना.’ त्यातलं खरं दुःख कुणाचं, हे काकू जाणून असतात. त्या संध्याकाळी मुद्दाम विचारतात, ‘अहो, ते कालका-शिमल्याचं काय सांगत होता?’ व्याख्यान होतं. दिवा चालू असताना होतं, एवढंच काय ते उणं.

अशा माणसाची थट्टा सोपी आहे, पण त्याच्यावाचून सहल अवघड. तेव्हा वाचकांना सांगणं एवढंच : एप्रिलात हिमाचलला निघाल, तर रोहतांग हिशेबात धरू नका, आठवड्यात दोन दिवस मोकळे सोडा, आणि स्वेटर व रेनकोट दोन्ही घ्या. बरोबर एक नाना जरूर न्या. एकच. दोन नाना एका गटात आले, तर पर्याय ‘ज्ञ’पर्यंत जातात आणि तिकीट निघत नाही.