घंटा दोनदा वाजते

ल्यों, जुलैअखेर

ती. आई आणि ती. बाबांस,


आम्ही सगळे धडधाकट आहोत. हे आधी लिहिते, कारण चिरंजीवांनी फोनवर ‘आम्ही दगडांच्या गावात आहोत आणि आम्हाला जेवायला मिळत नाहीये’ एवढंच आजीच्या कानावर घातलं आणि रेंज गेली. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. मधला तपशील राहिला, तो आता वाचा.

यंदाच्या सुट्टीचा बेत तुमच्या जावयांचा. समुद्र नको, गर्दी नको, बर्गंडीत सायकलवरून जुनी खेडी आणि चर्चं बघायची. “सगळं सपाट आहे,” हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा ऐकवलं की धाकटीला पाठ झालं. झिव्री ते क्ल्युनी हा ४४ किलोमीटरचा जुना रेल्वेमार्ग. रूळ काढून १९९७ साली तो सायकलींसाठी खुला केला. फ्रान्समधली ही अशी पहिली वाट. आगगाडीला चढ सोसत नाही, म्हणून वाट खरोखरच सपाट आहे. दुतर्फा झाडी, एका अंगाला द्राक्षांचे मळे, दुसऱ्या अंगाला शारोले जातीची पांढरीशुभ्र गुरं आणि मधूनमधून जुनी स्टेशनं. पण हजार वर्षांपूर्वीच्या लोकांना आगगाडी येणार हे ठाऊक नव्हतं. शत्रू लांबून दिसावा म्हणून त्यातल्या काहींनी आपली गावं टेकडीवर नेऊन बसवली. हा मुद्दा बेतात नव्हता.

सायकली भाड्याने घेतल्या. मला बॅटरीवाली. जावयांनी मात्र साधी मागितली, कारण कॉलेजात असताना ते सायकलने सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जात. (पायथ्यापर्यंत, बाबा.) तिच्यामागे दोन चाकांची गाडी जोडली. तीत धाकटी, तिचा कापडी ससा, पाण्याच्या बाटल्या आणि आईने पाठवलेली शेंगदाण्याची चटणी.

आता जेवणाचं. इथल्या खेड्यात दुपारी बारा ते दोन गाव बंद. दुकान बंद, पोस्ट बंद, ग्रामपंचायत बंद. उघडी फक्त खानावळ, आणि तिथे दोन वाजून दहा मिनिटांनी गेलं तर “स्वयंपाकघर बंद झालं” असं इतक्या गोड शब्दांत सांगतात की आपणच त्यांचे आभार मानून बाहेर पडतो. एकदा वेळेत पोचलो. मांस चालत नाही म्हणून नीट बजावलं. बाईंनी मान डोलावली आणि गरम चीज घातलेलं सॅलड आणलं, वर डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे पेरलेले. मी ते दाखवले, तर त्या म्हणाल्या, “ते मांस नाही हो, ते चवीपुरतं आहे.” आई, मी खाल्लं नाही. माझ्या ताटातून ते कुठे गेले हे विचारू नकोस.

सोमवारी बेकरी बंद. दुसऱ्या गावची बघावी, तर तीही सोमवारीच बंद. शेवटी एका गावात चौकाच्या कोपऱ्यावर पावाचं यंत्र सापडलं. एटीएमसारखं कार्ड लावायचं, की खालून लांब पाव बाहेर येतो, तोही कोमट. मग स्मारकाच्या पायरीवर बसून पाव आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. समोरच्या बाकावरचे आजोबा बराच वेळ बघत होते. त्यांना घासभर दिली. पुढची पाच मिनिटं ते काही बोलले नाहीत, पण डोळे पुसून झाल्यावर त्यांनी पुन्हा हात पुढे केला.

त्या स्मारकाबद्दलही लिहायला हवं. इथे जवळपास प्रत्येक गावात १९१४ ते १९१८च्या लढाईत मेलेल्यांची नावं दगडात कोरलेली आहेत. गाव ते केवढंसं, आणि यादी वरून खालपर्यंत. एकच आडनाव तीन-तीनदा येतं. चिरंजीवांनी विचारलं, एकाच घरातले का? मला आपल्या साताऱ्याकडचं मिलिटरी अपशिंगे आठवलं. त्या गावची माणसं याच लढाईला गेली होती, हे त्याला सांगितलं. तो गप्प झाला आणि मग मी त्याला सगळी यादी वाचू दिली.

वाटेत सँ-झाँगू नावाचं गाव लागलं. अरुंद गल्ल्या, जुनी दगडी घरं. पूर्वी त्याच्या नावापुढे ‘रॉयल’ होतं. राजे गेले, प्रजासत्ताक आलं, तसं ते ‘नॅशनल’ झालं. संत बिचारे तेच राहिले. आणि हे संत कोण, तर बायकोने फसवलेल्या नवऱ्यांचे कैवारी! हे माहितीपत्रकात वाचताच तुमच्या जावयांनी पेटीत नाणं टाकून एक मेणबत्ती लावली. कशाबद्दल, ते सांगेनात. माझ्या अंदाजाने बॅटरीच्या सायकलीबद्दल असावी.

चर्चं किती पाहिली ते मोजलं नाही. पण मला मनापासून आवडलं ते शापेझचं. अकराव्या शतकातलं, आत जाड गोल खांब, आणि ते खांब सरळ नाहीत! भार पडून चक्क कलले आहेत. गेली कित्येक शतकं तसेच उभे आहेत आणि त्यांच्याखाली लग्नं, बारशी, अंत्यविधी चालू आहेत. ना रंग, ना सोनं, ना गर्दी. मोठ्या शहरांतली चर्चं बघताना मान दुखते. इथे नुसतं बाकावर बसावंसं वाटतं. दारावर चिठ्ठी होती: पाखरं आत येतात, दार लावून घ्या.

बाबा, तुम्हाला आवडेल अशी एक गोष्ट. १९०५ साली इथे सरकार आणि धर्म कायद्याने वेगळे झाले. तेव्हा आधीपासूनची गावोगावची चर्चं बहुतेक करून गावाच्याच मालकीची राहिली. त्यामुळे छप्पर गळलं की पाद्रीबुवा नाही, मेयर, म्हणजे आपला सरपंच, डोक्याला हात लावून बसतो. पाद्रीही आता गावागणिक एक उरलेला नाही. एकाच्या वाट्याला बरीच गावं, म्हणून रविवारची प्रार्थना आज या गावात तर पुढच्या वेळी त्या. काही ठिकाणी चर्चला कुलूप आणि किल्ली शेजारच्या घरी. तिथे बेल वाजवायची, “बोंजूर” म्हणायचं, हवापाण्याचं बोलायचं, मग किल्ली. बोंजूर आधी म्हटलं नाही तर किल्ली राहू द्या, उत्तरही नाही.

ब्रांस्यों टेकडीवर आहे. वर किल्ला, बाजाराचा जुना लाकडी मांडव, बाराव्या शतकातलं चर्च आणि मूठभर घरं. चढावर मी बटण दाबलं आणि गेले पुढे. मागे वळून पाहिलं तर जावई उतरून सायकल ढकलत होते, आणि गाडीत बसलेली धाकटी खणखणीत आवाजात म्हणत होती, “सगळं सपाट आहे!” तेवढ्यात पिकल्या केसांच्या दोन बायका बॅटरीच्या सायकलींवरून गप्पा मारत त्यांना ओलांडून गेल्या आणि “हिंमत धरा” म्हणाल्या. ते त्यांना फार लागलं.

त्या रात्री मुक्काम एका खेड्यात, चर्चच्या भिंतीला लागून. रात्री घड्याळाचे अकरा ठोके पडले. ठीक. दोन मिनिटांनी पुन्हा अकरा. जावई उठून बसले, “बावीस?” बारालाही तसंच. सकाळी सातला दोनदा सात, वर प्रार्थनेची घंटा वेगळी, आणि कोंबडा तर पाचपासूनच. न्याहारीला त्यांनी घरमालकिणीकडे विषय काढला. त्या म्हणाल्या, पहिले ठोके कान टवकारायला, दुसरे मोजायला. शेतातल्या माणसाचं पहिल्यांदा लक्ष नसतं. कोंबड्याबद्दल त्यांनी थेट कायदाच सांगितला. ओलेरों बेटावर मोरिस नावाच्या कोंबड्यावर शेजाऱ्यांनी आरवण्याबद्दल दावा लावला होता. २०१९ साली कोर्टात कोंबडा जिंकला. आणि २०२१च्या जानेवारीत संसदेने खेड्यातले आवाज आणि वास हा देशाचा वारसा ठरवला. म्हणजे शेणाचा वाससुद्धा! जावयांनी मुकाट्याने दुसरा पाव घेतला.

चिरंजीवांना मग मेणवलीच्या घाटावरची घंटा आठवली. वसईच्या चर्चची, १७३९च्या मोहिमेनंतर आपल्याकडे आली ती. ही हकिकत त्याने घरमालकिणीला रंगवून सांगितली. पेशवे, पोर्तुगीज, वेढा, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि आमची घंटा न्यायला आला नाहीत ना, एवढंच विचारलं.

शेवटचं मोठं ठिकाण क्ल्युनी. ९१० साली स्थापन झालेला मठ. त्याचं तिसरं चर्च १८७ मीटर लांब, रोमचं सेंट पीटर्स होईपर्यंत ख्रिस्ती जगातलं सगळ्यात मोठं. चिरंजीव विचारत राहिले, कुठे आहे, कुठे आहे? “तू त्याच्यातच उभा आहेस,” म्हटलं. राज्यक्रांतीनंतर मठ विकला गेला आणि त्याची दगडखाण झाली. लोकांनी वर्षानुवर्षं पाडून दगड नेले, नेपोलियनच्या काळात घोड्यांची पागा उभी राहिली. आज मुख्यतः आडव्या दालनाचा एक हात आणि त्यावरचा मनोरा तेवढा शिल्लक आहे. बाकी चर्चवरून रस्ता जातो. पाडणारे कोणी परके नव्हते, गिऱ्हाईक मिळालं म्हणून पाडलं, याचा मला जास्त राग आला.

तुम्ही याल तर मे महिन्यात या आणि रविवारी संध्याकाळी पोचू नका, दुसऱ्या दिवशी पाव मिळणार नाही. दिवाळीनंतर मुळीच नको. क्ल्युनीच्या पुढे या वाटेवर साधारण दीड किलोमीटरचा बोगदा आहे, तो हिवाळ्यात वटवाघळांच्या झोपेसाठी बंद ठेवतात.

तुमची
मोठी

ता. क. : आई, तू ‘उन्हाळा असला तरी असू दे’ म्हणून पाठवलेला स्वेटर त्याच बोगद्यात लागला. बाहेर घाम आणि आत दात वाजणारी थंडी. जावयांनी घातला. लेडीज आहे हे त्यांना उजेडात आल्यावर कळलं.