आपल्यात कसली पावती?

कवठे महांकाळच्या द्राक्षमळ्यांतील मुरमाड वाटा वर्षानुवर्षे निमूटपणे तुडविणाऱ्या जुन्या महिंद्रा जीपचा, पुढल्या-मागल्या आखांस शक्ती वाटून देणारा ट्रान्सफर केस एकदाचा निकामी झाला, की तिचा धनी सांगलीकडच्या एखाद्या भंगारवाल्याची पायरी चढतो आणि तेथे डिझेलने न्हाऊ घातल्यामुळे नववधूप्रमाणे सतेज दिसणारा दुसरा केस रोख मोजून घरी आणतो. पंधरवड्यात तो करवादू लागला, म्हणजे उभयतांच्या कैफियती ऐकाव्यात. विक्रेता म्हणतो, माझ्याकडे होता तोवर आवाज नव्हता. खरेदीदार म्हणतो, तेव्हा तो गाडीला जोडलेलाच नव्हता. दोघेही सत्यवादी!

घेणाऱ्याने स्वतः पारखून घ्यावे, हा दंडक विक्रेत्यास मुखोद्गत असतो. परंतु १९३०च्या मालविक्री कायद्यातील कलम १६चा अपवाद, की आपली गरज सांगून व्यापाऱ्याच्या जाणतेपणावर भिस्त ठेवणाऱ्यास त्या कामास लायक असाच माल मिळाला पाहिजे, तेवढाच त्यास नेमका विस्मरतो. पुराव्यादाखल पावती शोधावी, तर 'पावणं, आपल्यात कसली पावती?' एवढाच तोंडी दस्तऐवज उपलब्ध.

जीप तूर्त मळ्यात उभी असून तिच्या सावलीत कोंबड्या नांदतात.