बेड्या आणि बारा रुपये

ते गृहस्थ तरातरा आत आले, थेट माझ्या टेबलाशी थांबले आणि दोन्ही मनगटं त्यांनी माझ्या चहाच्या कपावर धरली.

"बघा. काही दिसतंय?"

उजव्या मनगटावर कुठल्याशा पूजेचा लाल दोरा होता, डाव्यावर घड्याळ. मी तसं सांगितलं.

"मग बेड्या कुठायत?"

ही १९९६ सालची गोष्ट. मी तेव्हा जिल्ह्याच्या गावी एका दैनिकात उपसंपादक होतो. आदल्या दिवशी पान तीनवर तीन कॉलमी मथळा माझाच होता : 'भिशीचालकाला बेड्या ठोकल्या'. तो भिशीचालक जामिनावर सुटून, अंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून समोर उभा होता.

"हवालदार घरी आले. हिने त्यांना चहा दिला. मग आम्ही दोघं निघालो. त्यांनी माझा हात धरला होता, तोही कोपऱ्यापर्यंतच. पुढे रिक्षा केली. बारा रुपये झाले. ते मी दिले, कारण हवालदारांकडे सुट्टे नव्हते. यात ठोकाठोकी कुठे आली?"

मला उत्तर देता येईना. 'अटक' लिहिलं असतं तर प्रश्नच मिटला असता. पण 'अटक' हा तीन अक्षरी, फार सोवळा शब्द. तीन कॉलमात टाकला की दोन्ही बाजूंना पांढरी जागा उरते आणि मालक विचारतात, कागद फुकट येतो का? मग आमची धाव गजाआड, जेरबंद, मुसक्या आवळल्या, याच चौकटीत. मुसकं बैलाच्या तोंडाला बांधतात आणि मुसक्या बांधतात त्या माणसाचे हात पाठीशी घेऊन. आम्ही रोज आवळत होतो त्या नेमक्या कुठे, हे आमच्यापैकी कोणी कधी विचारलं नाही. एका सहकाऱ्याने एकदा 'नगरसेवकाचे चिरंजीव चतुर्भुज' असा मथळा दिला होता. चतुर्भुज चोरही होतो आणि नवरदेवही होतो, हे त्याच्या लक्षातच आलं नाही. दिवसभर फोन वाजत होता. निम्म्या लोकांना गुन्हा कोणता ते हवं होतं, उरलेल्यांना कार्यालय कोणतं ते.

पण सगळ्यांत लाडक्या बेड्याच. एक तर त्या कायम ठोकल्या जातात. आपण मराठी माणसं तशी ठोकण्यात कुणाला हार जात नाही. भाषण ठोकतो, सलाम ठोकतो, शड्डू ठोकतो, सासुरवाडीला मुक्काम ठोकतो. बेडीपुरतं मात्र हे क्रियापद एके काळी अगदी खरं होतं. तुरुंगात लोहार असायचा, तो कैद्याच्या पायातल्या कड्याची रिवेट ऐरणीवर हातोड्याने ठोकायचा. आताची हातकडी दातेरी. मनगटावर दाबली की कर्रर्र करून अडकते, हातोड्याला काही काम नाही. लोहार गेला, ऐरण गेली, ठोकणं तेवढं आमच्या मथळ्यांत राहिलं.

इंग्रजाची तऱ्हा वेगळी. त्याने या वस्तूला हँडकफ म्हटलं, म्हणजे जणू शर्टाच्या बाहीचा कफ. बटण लावून घ्यावं, टाय सारखा करावा आणि कोठडीत जावं. हिंदीवाले हातातली ती हथकड़ी, पायातली ती बेड़ी अशी वाटणी करतात. आपल्याकडे हातकडी शब्द आहे, पण बोलताना हातापायांना एकच बेडी पुरते. ती चोराला नेहमी अनेकवचनात. एकवचन राखून ठेवलंय ते लग्नासाठी. अत्र्यांचं १९३६ सालचं नाटकसुद्धा 'लग्नाची बेडी', 'बेड्या' नव्हे. तिथे एकीवर भागतं.

आणि एक गंमत. आपल्या भाषेत बेडी ठोकतात, बेडी तोडतात, जन्माष्टमीच्या कीर्तनात वसुदेवाच्या बेड्या आपोआप गळून पडतात. पण किल्लीने बेडी उघडली, असं वाक्य मी कीर्तनात ऐकलं नाही आणि मथळ्यातही वाचलं नाही.

भिशीचालक अजून उभेच होते. मी कोर्टाच्या बातमीदाराला हाक मारली. तो खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, "यांचं बरोबर आहे. ऐंशी सालापासून असं सरसकट घालताच येत नाही." मग त्याने तिहार तुरुंगातल्या एका कच्च्या कैद्याची हकिगत सांगितली. कोर्टात नेता-आणताना हातकड्या घालतात म्हणून प्रेमशंकर शुक्ल यांनी सुप्रीम कोर्टाच्या न्यायाधीशांना तार केली. तारेला शब्दामागे पैसे पडायचे, तेव्हा त्यात अलंकार नसणार. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी १९८० मध्ये निकाल दिला : बेडी हा रिवाज नव्हे, अपवाद. पळून जाण्याचा खरा धोका असेल तरच, आणि कारण लेखी नोंदवून. १९९५ मध्ये त्याच कोर्टाने पुन्हा बजावलं, मॅजिस्ट्रेटची परवानगी घ्या. (आता १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या ४३व्या कलमात सराईत, फरारी, खुनी, दहशतवादी अशांसाठी हातकडीची सोय आहे. भिशी त्या यादीत नाही.)

मला एकदम कोर्टाचं आवार आठवलं. वडाखालून आरोपी आणि शिपाई जाताना दिसतात ते बोटांत बोटं गुंफून. इतका वेळ हात हातात घेऊन चालणारं जोडपं आमच्या गावात दुसरं नव्हतं. आणि आम्ही मात्र रोज संध्याकाळी सातला टेबलावर बसून सगळ्यांना बेड्या ठोकत होतो.

"दुरुस्ती छापतो," मी म्हणालो.

म्हणणं सोपं होतं. 'भिशीचालकाला बेड्या ठोकल्या नाहीत' असं लिहून पाहिलं. त्यावर गावाने पहिला प्रश्न विचारला असता, का नाही ठोकल्या? 'बेड्या नव्हत्या' लिहिलं, तर पोलिसांकडे बेड्यांचा तुटवडा आहे असं वाटत होतं. संपादकांनी 'बेड्या हा शब्द लाक्षणिक अर्थाने वापरला होता' असं सुचवलं. ते ऐकून भिशीचालक म्हणाले, "म्हणजे मी लाक्षणिक चोर?"

शेवटी त्यांनीच मजकूर सांगितला, मी लिहून घेतला : संबंधितांना हात धरून व नंतर रिक्षाने नेण्यात आले. त्यांनी तो दोनदा वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "भाडं मी दिलं, तेही टाका."

टाकलं. दुसऱ्या दिवशी पान तीनवर, खाली डाव्या कोपऱ्यात, चौकटीत, बारा रुपयांसकट. शेजारच्या कॉलमात माझाच मथळा होता : 'सोनसाखळी चोराला बेड्या ठोकल्या'.