दाबा, धरा, सोडू नका!

जुनी जिप्सी बाळगणारा गृहस्थ पुण्यात शोधावा लागत नाही. तीन-चार सोसायट्या ओलांडल्या की एक तरी भेटतोच. निवृत्त झालेला किंवा निवृत्तीच्या बेतातला. घरची एसी गाडी बायकामुलांसाठी. स्वतःसाठी त्यानं लष्कराच्या लिलावातली हिरवी जिप्सी घेऊन ठेवलेली असते. मारुतीनं ही गाडी 1985 मध्ये आणली, आणि त्यानंतर देशात दुसरी गाडी निघाली हे त्याला मान्य नाही. मागच्या बाकावरच्या माणसाचा एकेक मणका मोजून घेणारे तिचे पाटे त्याच्या मते दोष नव्हेत; त्याला तो 'गाडी बोलते' म्हणतो.

ताम्हिणीच्या चिखलात रुतलेल्या परक्यांच्या गाड्या दोर लावून ओढणारा हा माणूस कुणाकडे कधी काही मागत नाही. अपवाद फक्त ब्रेक ऑइल बदलायच्या रविवारचा. ब्रेकची हवा काढायला दोन माणसं लागतात, एक चाकापाशी आणि एक पेडलवर. चाकापाशी कोण, हा प्रश्नच नसतो.

त्यामुळे सकाळी खाली जॅकचा आवाज झाला की पहिल्या मजल्यावरचे बँकवाले पेपर घेऊन आत सरकतात. समोरच्या इंजिनिअर मुलाची रविवारी मीटिंग निघते. सापडतो तो दूध आणायला निघालेला नवा भाडेकरू.

त्याला आधी व्याख्यान. "ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं हो, श्रावणात झाकण उघडं राहिलेल्या मिठासारखं. डॉट 3 नवं असताना 205 अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी मुरलं की 140 लाच उकळायला लागतं. वरंध घाट उतरताना पाय सारखा ब्रेकवर. चाकाशी झाली वाफ. तेल दबत नाही, वाफ दबते. मग पेडल जातं तळाला आणि आपण..." पुढचं वाक्य तो हातानं पूर्ण करतो, दरीच्या दिशेनं. हे सगळं खरं असतं, हीच पंचाईत. हसून निघून जाता येत नाही.

मग मास्टर सिलिंडरच्या डबीतलं काळपट तेल सिरिंजनं बाहेर, नवं आत. एखादा थेंब बॉनेटच्या कडेवर पडला की हा रंग वाचवायला बादलीभर पाणी ओततो. सुरुवात मास्टर सिलिंडरपासून सगळ्यांत लांबच्या, म्हणजे मागच्या डाव्या चाकापासून. निपलवर आदल्या रात्रीच गंज सोडवायचं तेल मारून ठेवलेलं. साध्या पान्यानं कडा झिजतात म्हणून रिंग पाना. निपलवर पारदर्शक नळी, तिचं दुसरं टोक बाटलीतल्या तेलात बुडवलेलं.

"दाबा!"

"दाबलं."

"धरा!" पाना जरासा फिरतो, नळीतून बुडबुडे निघतात, पेडल खाली जातं. भाडेकरू दचकतो. "सोडू का?"

"सोडू नका!"

"काय? सोडू?"

आणि तो सोडतो. निपल उघडंच. निघालेली हवा आल्या वाटेनं परत आत. गाडीखालून जे शब्द येतात, ते सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चालत नाहीत. या गडबडीत डबीतलं तेल संपत आलंय हे कुणी पाहत नाही. तिथूनही हवा शिरते आणि सगळं पहिल्यापासून.

शेवटी वरून बायको उतरते. हातात मेथीची जुडी आणि ताट. ताट मांडीवर, पाय पेडलवर, आणि 'धर' म्हणायच्या आत धरलेलं. चारही चाकं होतात. तो हात पुसत म्हणतो, "झालं. कडक आहे पेडल."

"मऊ आहे अजून," ती मेथीवरची नजर न काढता म्हणते.

"अगं, मी चाकापाशी बसलोय."

"आणि माझा पाय पेडलवर आहे."

तो पुटपुटत पुढचं उजवं निपल पुन्हा सैल करतो. नळीतून एक टपोरा बुडबुडा येतो. दोघांपैकी कुणी काही बोलत नाही.

परदेशातल्या मुलानं एकट्यानं हवा काढायचा हातपंप गेल्या दिवाळीला पाठवलाय. त्याचं खोकं अजून माळ्यावर, चिकटपट्टीसकट. का, विचारलं तर म्हणतो, "पंपाला काय कळतंय पेडल मऊ की कडक?"

"अहो, तो उघडला असतात," ताट उचलत ती म्हणते, "तर मेथी केव्हाच फोडणीला पडली असती."