पिंगशास्त्री

पिंगशास्त्री हे त्यांचं खरं नाव नव्हे. खरं पगारपत्रकात असणार, पण ते वाचायची वेळ आमच्यावर कधी आली नाही.

ऑफिसात विंडोज ९८ ची यंत्रं आणि कोपऱ्यात एक एनटी सर्व्हर होता, तेव्हाची गोष्ट. तळमजल्यावर अकाउंट्स, दुसऱ्या मजल्यावर आम्ही, मधे राउटर. खालची मंडळी १९२.१६८.१ मध्ये नांदत, आम्ही १९२.१६८.२ मध्ये. आता गंमत अशी, की नावांचा गुंता सोडवणं हे ज्यांचं काम, त्या शास्त्रीबुवांना माणसाचं एक नाव लक्षात राहत नसे. माणसं शेवटच्या आकड्यांनी ओळखत. "एक डॉट अठरा आज रजेवर का?" असं त्यांनी विचारलं की अकाउंट्समधल्या बाई बाळंतपणाला गेल्यात, हे आम्ही सांगायचं.

तक्रार बहुधा एकच. नेटवर्क नेबरहूड उघडलं तर आपल्या मजल्याची सगळी यंत्रं दिसत, अकाउंट्सचं एकही नाही. शास्त्रीबुवा येत, खुर्ची आपल्याकडे ओढत, काळी खिडकी उघडून पिंग मारत आणि येणारी उत्तरं मोठ्यानं मोजत. "चार गेले, चार आले. लॉस शून्य टक्के. कॉम्प्युटर आहे."

"पण दिसत नाही ना!"

"असणं वेगळं, दिसणं वेगळं." आणि निघाले.

एकदा हे त्यांनी मोठ्या साहेबांना ऐकवलं. साहेब म्हणाले, "शास्त्री, मला ब्रह्म नको, बॅलन्सशीट हवंय."

खरं तर शास्त्रीबुवांचं चुकत नव्हतं. ती जुनी यंत्रं चाळीतल्या बिऱ्हाडांसारखी. कुणी हवं असलं की गॅलरीत येऊन 'कॅशियर कोण हो?' अशी आरोळी ठोकायची. ज्याचं नाव असेल त्यानं ओ द्यायची. आरोळी मजल्यापुरती, राउटर ती पलीकडे जाऊ देत नाही. पत्ता ठाऊक असला तर पत्र मात्र खुशाल पोचतं. म्हणून पिंग लागतं नि नाव लागत नाही. हे साहेबांना पटवायला शास्त्रीबुवांनी जिन्यात उभं राहून "कॅशिऽऽयर!" अशी खरोखरीची हाक दिली. खालून वॉचमन धावत आला. "हा बघा," शास्त्रीबुवा म्हणाले, "चुकीचा कॉन्फिगर केलेला राउटर."

मजल्यावर कोण कोण आहे याची यादी एकच यंत्र ठेवतं, आणि ते कोणतं हे निवडणुकीनं ठरतं. सर्व्हर उभा राहिला की बाकीच्यांची अनामत जप्त. निवडून आलेलं यंत्र कुणी संध्याकाळी बंद केलं की पुन्हा निवडणूक. प्रत्येक यंत्रानं दर बारा मिनिटांनी आपण असल्याचं कळवायचं, आणि तीन खेपा चुकल्याशिवाय नाव कटत नाही. त्यामुळे बंद पडलेलं यंत्र मतदारयादीतल्या कैलासवासी माणसासारखं अर्धा-पाऊण तास यादीत मिरवतं. शास्त्रीबुवांचा यावर उतारा ठरलेला: "चहा पिऊन या." टपरीपर्यंत जाऊन-येऊन एक कटिंग म्हणजे बारा मिनिटं, हा हिशेब त्यांनी घड्याळ लावून काढला होता. पुष्कळदा परत येईतो खरंच सगळं दिसू लागे. श्रेय त्यांचं की चहाचं, हे मला आजही सांगता येणार नाही.

मग त्यांनी एलएमहोस्ट्स नावाची फाइल हातानं लिहिली. पत्ता, पुढे नाव, यंत्रागणिक एक प्रत. नोटपॅडनं गुपचूप तिला टीएक्सटीचं शेपूट जोडलं आणि शास्त्रीबुवा दोन दिवस बिनकामाच्या फाइलकडे टक लावून बसले. ते शेपूट कापतात न कापतात तोच एका शिकाऊ मुलानं फाइल 'साफ' केली. हॅशच्या खुणेपुढचं सगळं म्हणजे शेरे, ते खोडायचे, असं तो कुठेसं शिकला होता. या फाइलीत मात्र हॅशपुढचे 'प्री' आणि 'डॉम' हे शेरे नसून हुकूम असतात. मुलानं ते उडवले आणि डोमेनचा कारभारी कोण, हेच यंत्रं विसरली. त्या मुलाला शास्त्रीबुवा पुढे कायम 'टिप्पणी' म्हणत. आकड्याखेरीज त्यांनी कुणाला दिलेलं हे एकच नाव.

शेवटी विन्स सर्व्हर आला. आता आरोळी नको, प्रत्येकानं चावडीवर नाव नोंदवायचं. पहिल्याच सकाळी निघालं की दोन्ही मजल्यांवर 'कॅशियर' नावाचं एकेक यंत्र आहे. इतकी वर्षं एकमेकांची हाक न ऐकता सुखात होती बिचारी. विन्स अशा वेळी जुन्या धन्याला विचारतं, बाबा, आहेस का? त्यानं हयातीचा दाखला दिला की नव्याला परत पाठवतं. वरचं यंत्र परत आलं. यंत्रांचं मिटलं, पण खुर्च्यांवरचे दोन कॅशियर पेटले. नाव मी का बदलू? वरच्यांनी 'सीनियर हेड कॅशियर' मागितलं.

"इंग्रजीत सतरा अक्षरं होतात," शास्त्रीबुवा शांतपणे म्हणाले. "पंधराच्या पुढे बढती नाही."

अखेर वरच्या यंत्राचं नाव 'रोख' ठेवलं. ते गृहस्थ मराठीचा मान राखला म्हणून पेढे वाटत हिंडले.

परवा लक्ष्मी रोडवर शास्त्रीबुवा अचानक समोर. केस पांढरे, हातात भाजीची पिशवी. माझ्याकडे पाहून कपाळाला आठ्या, मग चेहरा उजळला. "दोन डॉट सेहेचाळीस!"

बायको माझ्याकडे बघायला लागली. ओळख करून देणं भाग होतं. मी तोंड उघडलं, "हे आमचे..." आणि पुढे काही सुचेना. पिंगशास्त्री म्हणणार कसं त्यांच्या तोंडावर?

तेच पुढे झाले, हात जोडले आणि म्हणाले, "नमस्कार वहिनी. मी एक डॉट एक."